शॅल बी डीम्ड: कायद्यातले ‘मानणे’ कसे वाचावे आणि मराठीत कसे लिहावे

करारनामे आणि नोटिसा इंग्रजीतून मराठीत आणणे हा माझा रोजचा धंदा. गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीत भाड्याने राहणारे एक काका कराराची प्रत घेऊन आले. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार. शेवटून दुसऱ्या पानावर एका वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती: ‘द नोटीस शॅल बी डीम्ड टू हॅव बीन सर्व्ह्ड ऑन द थर्ड डे आफ्टर पोस्टिंग.’ घरातल्या शब्दकोशात ‘डीम’समोर ‘समजणे, वाटणे’ असे दिलेले. त्यावरून काकांनी अर्थ लावला, “नोटीस मिळाली असं समजलं जाईल, म्हणजे त्यांना तसं वाटलं तर ना? मला मिळालीच नाही म्हटलं की विषय संपला.” या भरवशावर पोस्टमनने आणलेले रजिस्टर पाकीट त्यांनी दोनदा परत पाठवले होते. इकडे पाकीट पोस्टात पडल्याच्या तिसऱ्या दिवसापासून मुदत धावू लागली होती आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता.

त्या दिवशी चहा गार होईपर्यंत मी त्यांना जे समजावले, तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मराठी माध्यमातून कायद्याकडे आलेली मुले, सोसायटीचे सेक्रेटरी, सातबारासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारे शेतकरी, अशा सगळ्यांना हा शब्द कधी ना कधी आडवा येतोच.

पायरी १: शब्दाचे घराणे ओळखा

‘डीम्ड’ हा एका झटक्यात म्हणायचा शब्द आहे. ‘डीमेड’ असा दोन तुकड्यांत नाही. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता निवाडा करणे. ‘डूम’ हा त्याचा सख्खा भाऊ. आज त्याचा अर्थ सर्वनाश असा होत असला, तरी मुळात तो निकाल, न्यायनिवाडा याच अर्थाचा. आइल ऑफ मॅन या बेटावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला आजही ‘डीमस्टर’ म्हणतात. म्हणजे हे क्रियापद न्यायासनावर वाढलेले आहे. बोलण्यातल्या ‘आय थिंक’चा मऊपणा त्यात शोधायला गेले की फसगत होते.

पायरी २: मानणारा कोण, हे आधी विचारा

वाक्यात ‘डीम’ दिसला की अर्थ लावायच्या आधी एवढे पाहायचे: मानणारा माणूस आहे की कायदा?

दाव्याच्या किंवा अर्जाच्या शेवटी मागण्यांमध्ये एक ठरलेले वाक्य असते, ‘एनी अदर ऑर्डर अ‍ॅज धिस ऑनरेबल कोर्ट मे डीम फिट अँड प्रॉपर’. इथे मानणारे कोर्ट आहे. मराठी अर्जात आपण लिहितो, ‘मे. कोर्टास योग्य व न्याय्य वाटतील असे इतर हुकूम व्हावेत’. इथे ‘वाटणे’ बरोबर आहे, कारण अधिकार असलेल्या व्यक्तीच्या विवेकावर गोष्ट सोपवलेली आहे. या घरातले ‘डीम’ बहुधा फिट, प्रॉपर, नेसेसरी, अ‍ॅप्रोप्रिएट, एक्स्पीडियंट अशा शब्दांचा हात धरून येते. ‘वाटेल ते’ करायची मुभा मात्र त्यात नाही. अधिकाऱ्याला जे योग्य वाटले त्याला कारण लागते आणि ते कारण वरच्या कोर्टात तपासले जाऊ शकते.

‘शॅल बी डीम्ड’ हे दुसरे घर. वाक्य कर्मणी आहे, कर्ता दिसत नाही. तो कर्ता म्हणजे खुद्द कायदा, किंवा काकांच्या बाबतीत दोघांनी सही केलेला करार. इथे कोणाला काय वाटते याला जागाच नाही. काका नेमके इथे चुकले: दुसऱ्या घरातला शब्द त्यांनी पहिल्या घरातल्या अर्थाने वाचला.

पायरी ३: मानलेला भाऊ आणि दत्तक मुलगा

शिकवताना मला सगळ्यांत उपयोगी पडते ते आपल्या घरातलेच नाते. मानलेला भाऊ सख्खा नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी भाऊबीजेला त्याला ओवाळतो, लग्नात तो मामाच्या मानाने उभा राहतो. वस्तुस्थिती एक, आणि आपण जाणूनबुजून तिला दुसऱ्यासारखी वागणूक देतो. ‘डीम’चा गाभा हाच. कायदा म्हणतो: ही गोष्ट तशी नाही, किंवा तशी आहे की नाही हे मला शोधायचे नाही, तरी ती तशीच आहे असे धरून पुढचे सगळे करा.

मानलेल्या भावाला वारसाहक्क मात्र मिळत नाही. दत्तक मुलाला मिळतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम १२ म्हणते की दत्तक मूल हे दत्तक दिवसापासून दत्तक आईवडिलांचे मूल असल्याचे ‘फॉर ऑल पर्पजेस’, म्हणजे सर्व प्रयोजनांसाठी, मानले जाईल. जन्माच्या घराशी असलेली नाती तुटली असेही त्याच दिवसापासून मानले जाईल. केवढी मोठी उडी आहे ही! आणि लगेच खाली कायदा स्वतःच तीन ठिकाणी लगाम घालतो. जन्मघरात राहिला असता तर ज्या नात्यात लग्न करता आले नसते, त्या नात्यात आताही करता येत नाही. दत्तक जाण्यापूर्वी त्याच्या मालकीची झालेली मिळकत त्याच्याचकडे राहते. आणि तो आला म्हणून, आधीच कोणाच्या नावावर झालेली मिळकत त्या माणसाकडून निघून जात नाही.

हे कलम मी विद्यार्थ्यांकडून हाताने लिहून घेतो. मानणे कुठवर जाते आणि कुठे थांबते, हे दोन्ही त्यात एकाच जागी दिसते.

पायरी ४: एक वाक्य शब्दाशब्दाने वाचा

आता जरा थांबून एकच वाक्य बघू. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या लाखो सातबारांवर त्याची सावली आहे. मुंबई (आता महाराष्ट्र) कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८, कलम ३२. इंग्रजी मजकुराचा कणा असा: ‘ऑन द फर्स्ट डे ऑफ एप्रिल १९५७… एव्हरी टेनंट शॅल… बी डीम्ड टू हॅव पर्चेस्ड फ्रॉम हिज लँडलॉर्ड, फ्री ऑफ ऑल एन्कम्ब्रन्सेस… द लँड हेल्ड बाय हिम अ‍ॅज टेनंट.’

१ एप्रिल १९५७ ची सकाळ डोळ्यांसमोर आणा. कुळाने त्या दिवशी खरेदीखत केलेले नाही. स्टॅम्पपेपर आणलेला नाही, पैसे मोजलेले नाहीत. कदाचित तो नेहमीसारखा बांधावर गेला असेल आणि मुंबईत आपल्याबद्दल काय ठरले आहे याची त्याला कल्पनाही नसेल. तरी कायदा म्हणतो, त्याने जमीन विकत घेतली असल्याचे मानण्यात येईल. ‘टू हॅव पर्चेस्ड’ ही पूर्ण झालेली क्रिया आहे. ‘विकत घेऊ शकेल’ किंवा ‘घेण्यास पात्र ठरेल’ असे ते म्हणत नाही. ‘फ्री ऑफ ऑल एन्कम्ब्रन्सेस’, म्हणजे त्या दिवशी जमिनीवर असलेल्या सर्व बोजांपासून मुक्त. आणि ‘शॅल’नंतर मी दिलेल्या टिंबांच्या जागी ‘या कलमाच्या व पुढील कलमांच्या अधीन राहून’ अशा अर्थाचे शब्द आहेत. घाईत वाचणारा तेवढेच नेमके सोडतो.

ती पुढची कलमे म्हणजे गावोगाव नुसत्या आकड्यांनी ओळखली जाणारी ३२ ग आणि ३२ म. ३२ ग मध्ये शेतजमीन न्यायाधिकरण कुळाला बोलावते, खरेदीची तयारी विचारते आणि किंमत ठरवते. कूळ हजरच झाले नाही किंवा नको म्हणाले, तर खरेदी निष्प्रभ ठरते. पैसे भरले की ३२ म चे प्रमाणपत्र मिळते आणि ते खरेदीचा निर्णायक पुरावा असते. जमीनमालक अज्ञान मूल, विधवा किंवा अपंग असेल, तर ३२ फ प्रमाणे ही सगळी गाडीच पुढे ढकलली जाते.

मग १ एप्रिलला मालकी खरेच गेली, की नुसती म्हणायला? श्रीराम राम नारायण मेढी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये याचे उत्तर दिले: मालकी त्याच दिवशी कुळाकडे जाते. कूळ हजर झाले नाही, नको म्हणाले किंवा त्याने पैसे थकवले, तरच ती परत फिरते. मानलेली खरेदी एवढी खरी असते. माझ्या मते मराठी वाचकाला ‘डीम’ची ताकद दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

याच कायद्याच्या कलम ४ मधून ‘मानीव कूळ’ हा शब्द आला. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा, ठरावीक अपवाद सोडून, कूळ असल्याचे मानला जातो. भाडेचिठ्ठी असो वा नसो.

पायरी ५: चार प्रश्न

कोणतीही मानीव तरतूद समोर आली की मी कागदाच्या कडेला चार प्रश्न लिहितो: काय मानायचे? कधीपासून? कशापुरते? आणि उलट सिद्ध करायला वाट ठेवली आहे का?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ७(२) घ्या. जन माहिती अधिकाऱ्याने मुदतीत निर्णय दिला नाही, तर त्याने विनंती नाकारली असल्याचे मानले जाते. काय मानायचे? नकार. कधीपासून? नेहमीच्या अर्जात ३० दिवस संपल्यावर. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांनंतर. कशापुरते? इथे फायदा अर्जदाराचा आहे. नकार झाला म्हणजे पहिल्या अपिलाचे दार उघडले, आणि ते अपील मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचे. माझ्या पाहण्यातले कितीतरी अर्जदार ‘अजून उत्तरच आलं नाही, अपील कशावर करू?’ म्हणत बसतात आणि अपिलाची मुदत घालवतात. गप्प बसणे हेच उत्तर, असे कायद्याने मानले आहे. अपील त्या मौनावर करायचे.

‘कधीपासून’ हा प्रश्न सरकारी नोकरांना चांगला माहीत असतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे कर्मचारी ४८ तासांहून जास्त काळ कोठडीत राहिला, तर तो अटकेच्या तारखेपासून निलंबित असल्याचे मानले जाते. आदेश नंतर निघतो, तारीख मागची धरली जाते.

‘कशापुरते’ या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅस्क्विथ यांनी १९५२ च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका खटल्यात सांगितले की एखादी कल्पित स्थिती खरी मानायला सांगितली असेल, तर तिच्यातून जे परिणाम अपरिहार्यपणे निघतात तेही खरे माना. मध्येच बिचकू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये मुंबई राज्याच्याच एका खटल्यात हे तत्त्व उचलले. आणि १९५५ मध्ये बेंगाल इम्युनिटी कंपनी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात त्याला कुंपणही घातले: ज्या हेतूसाठी गोष्ट मानली, त्या हेतूपुरतीच ती मानायची, पलीकडे ताणायची नाही. दोन्ही निकाल जोडीने लक्षात ठेवावेत. एकटा पहिला वाचणारा शब्द ताणतो, एकटा दुसरा वाचणारा तो आखडता घेतो.

बढतीतला ‘मानीव दिनांक’ हे याचे रोजचे उदाहरण. मागची तारीख ज्येष्ठतेसाठी मिळाली म्हणजे मधल्या काळातल्या पगाराचा फरकही मिळेलच असे नाही. आदेशात कशापुरती तारीख दिली आहे ते वाचावे लागते.

चौथा प्रश्न काकांच्या पाकिटाचा. करारात काही नसते, तरी साधारण खंड अधिनियम (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट), १८९७ चे कलम २७ होतेच. कायद्याने टपालाने बजावणी सांगितली असेल, तर बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून, रजिस्टर टपालाने पत्र पाठवले की बजावणी झाली असे मानले जाते. आणि टपाल सामान्यपणे जेव्हा पोचले असते तेव्हा ती झाली, असे धरले जाते. पण तिथे ‘अनलेस द कॉन्ट्ररी इज प्रूव्ह्ड’, उलट सिद्ध झाले नाही तर, असे शब्द आहेत. म्हणजे दार थोडे उघडे आहे. पत्ताच चुकीचा होता, आपण तिथे राहतच नव्हतो, हे दाखवता येते. काकांच्या पाकिटावर मात्र पोस्टमनचा निळ्या शाईतला शेरा होता, ‘घेण्यास नकार’, आणि त्याखाली तारीख. ज्याने पाकीट हातात धरून परत दिले, त्याला त्या दारातून जाता येत नाही.

पायरी ६: शेजारच्या क्रियापदांपासून वेगळे काढा

‘प्रिझ्यूम’शी सर्वांत जास्त गोंधळ होतो. प्रिझ्यूम म्हणजे गृहीत धरणे: गोष्ट खरी असण्याचा संभव आहे, म्हणून पुरावा येईपर्यंत ती धरून चालायचे. १८७२ च्या पुरावा कायद्याने याच्या पायऱ्या लावल्या होत्या, ‘मे प्रिझ्यूम’, ‘शॅल प्रिझ्यूम’ आणि निर्णायक पुरावा. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही त्या आहेत. ‘डीम’ला संभवाशी देणेघेणे नसते. उघड खोटी गोष्टही ते खरी मानायला लावू शकते.

सीमा नेहमीच इतकी स्वच्छ नसते, हेही सांगायला हवे. हुंडाबळीच्या कलमात (जुने भारतीय दंड संहितेचे ३०४ ब, आता भारतीय न्याय संहितेचे ८०) पतीने किंवा नातेवाइकाने मृत्यू घडवून आणल्याचे ‘शॅल बी डीम्ड’ असे शब्द आहेत. शेर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथला ‘डीम्ड’ हा ‘प्रिझ्यूम्ड’सारखा वाचला, म्हणजे आरोपीला ते खोडून काढायची संधी राहते. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड रॅडक्लिफ यांनीही पूर्वीच नोंदवले होते की हा शब्द कधी कृत्रिम अर्थ लादायला, कधी शंका मिटवायला, तर कधी उघड, संदिग्ध आणि अशक्य अशा सगळ्यांना एकाच व्याख्येत गोळा करायला वापरतात. त्यामुळे चार प्रश्न टाळून केवळ शब्दावरून निकाल देऊ नये.

‘कन्सिडर’ म्हणजे विचार करणे किंवा समजणे, ‘ट्रीट अ‍ॅज’ म्हणजे तशी वागणूक देणे, आणि ‘होल्ड’ हा कोर्टाचा शब्द, निर्णय देणे. या तिघांत अडचण फारशी येत नाही.

पायरी ७: इंग्रजी वाक्य बांधताना

‘डीम’नंतर ‘अ‍ॅज’ लावू नका. ‘रिगार्डेड अ‍ॅज’ म्हणतात म्हणून आपल्याकडे ‘डीम्ड अ‍ॅज अप्रूव्ह्ड’ सर्रास दिसते. ‘डीम्ड अप्रूव्ह्ड’ किंवा ‘डीम्ड टू बी अप्रूव्ह्ड’ पुरे. ‘इज डीमिंग’ असे चालू काळाचे रूपही टाळा.

‘टू बी’ आणि ‘टू हॅव बीन’ यांतला फरक मात्र जपा. ‘डीम्ड टू बी अ सिटिझन’, नागरिक असल्याचे मानले जाईल, ही स्थिती झाली. संविधानाच्या अनुच्छेद ६ मध्ये पाकिस्तानातून भारतात आलेल्यांसाठी हीच रचना आहे. ‘डीम्ड टू हॅव बीन सर्व्ह्ड’, बजावली गेली असल्याचे मानले जाईल, ही घडून गेलेली घटना. मुदतीची मोजणी या एका ‘हॅव बीन’वर उभी असते.

नकाराची जागाही पाहा. करारात येते, ‘डिले शॅल नॉट बी डीम्ड अ वेव्हर’: विलंब म्हणजे हक्क सोडला असे मानले जाणार नाही. याचा अर्थ हक्क कधीच सोडला जाऊ शकत नाही असा नाही. फक्त विलंबावरून तसे मानायचे नाही. लेखी सोडल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ८: मराठीत आणताना

क्रियापद म्हणून ‘असल्याचे मानण्यात येईल’ हा भरवशाचा साचा. ‘समजण्यात येईल’ही कायद्याच्या मराठीत चालते, पण काकांसारख्या वाचकासाठी लिहीत असाल तर ‘मानणे’च ठेवा, ‘समजणे’मध्ये मताचा वास येतो. ‘गृहीत धरणे’ प्रिझ्यूमसाठी राखून ठेवा.

विशेषणाला ‘मानीव’ हा सुंदर, नेमका शब्द आपल्याकडे आहे. फक्त विद्यापीठांसाठी ‘अभिमत’ रूढ झाला. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ खालची पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही अभिमत विद्यापीठे. तिथे ‘मानीव’ लिहिले तर वाचक थबकेल.

सोसायटीवाल्यांना एक सावधगिरीची सूचना. महाराष्ट्र सदनिका मालकी हक्क अधिनियम, १९६३ मध्ये २००८ च्या सुधारणेने आलेले ‘मानीव अभिहस्तांतरण’ नावाने मानीव असले, तरी आपोआप होत नाही. बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण करून दिले नाही, म्हणजे मालकी दस्ताने सोसायटीच्या नावे केली नाही, तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्र मिळाल्यावर दस्ताची नोंदणीही करावी लागते. कुळाकडे मालकी तारीख उजाडताच गेली. सोसायटीकडे ती तशी जात नाही. शब्द एकच, यंत्रणा वेगळी.

सरावासाठी

पुढची दोन वाक्ये आधी स्वतः मराठीत करा, मग खाली पाहा.

‘द कमिटी मे टेक सच स्टेप्स अ‍ॅज इट डीम्स नेसेसरी.’

‘इफ नो ऑब्जेक्शन इज रिसीव्ह्ड विदिन फिफ्टीन डेज, द मेंबर शॅल बी डीम्ड टू हॅव कन्सेन्टेड.’

पहिल्यात मानणारी समिती आहे: ‘समितीस आवश्यक वाटतील अशी पावले समिती उचलू शकेल.’ दुसऱ्यात मानणारा नियम आहे: ‘पंधरा दिवसांत हरकत न आल्यास सभासदाने संमती दिली असल्याचे मानण्यात येईल.’ आता दुसऱ्याला चार प्रश्न विचारून बघा. पंधरा दिवस नेमके कोणत्या तारखेपासून, हे त्या वाक्यात लिहिलेलेच नाही. असे कलम तुमच्या उपविधीत असेल, तर भांडण इथेच उभे राहणार.

काकांच्या करारातले वाक्य मी त्यांना त्याच पानावर, पेन्सिलीच्या रेघेखाली, असे लिहून दिले: ‘नोटीस टपालात टाकल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी ती बजावली गेली असल्याचे मानण्यात येईल.’ ते त्यांनी दोनदा वाचले, परत गेलेल्या पाकिटावरची तारीख विचारली आणि बोटांवर दिवस मोजले. उत्तर द्यायला चार दिवस उरले होते. वकिलाकडे ते त्याच संध्याकाळी गेले.